पेरूत फॅमिलीला घेऊन साध्या हॉटेलात जेवायचं तर कुठे जायचं, काय मागवायचं

लिमा किंवा कुस्कोला घरच्यांसोबत जाणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो की महागड्या नावाजलेल्या ठिकाणी नाही, साध्या हॉटेलात जेवायला गेलो तर सगळ्यांचं जमेल का. सगळे म्हणजे कोण, तर एक जण पक्का शाकाहारी, एकाला बीफ चालत नाही, दोन लहान मुलं ज्यांना काहीच चालत नाही आणि तिखटाशिवाय घास न उतरणारे बाबा. जमतं, अगदी आरामात जमतं. फक्त दिसेल त्या हॉटेलात शिरायचं, मेन्यूकार्ड उघडायचं आणि प्रत्येकाने आपापली एक डिश सांगायची, ही सवय तेवढी बाजूला ठेवा. पेरूतली साधी हॉटेलं एकेका प्रकाराला वाहिलेली असतात. चिकनचं वेगळं, माशांचं वेगळं, चायनीजचं वेगळं, दुपारच्या ताटाचं वेगळं. कुठल्या वेळी कुठल्या प्रकारात शिरायचं हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी खायचं असं मागवणं.

मुलं बरोबर असतील आणि पहिलाच दिवस असेल तर डोळे मिटून पोयेरियात जा. पोयेरिया म्हणजे पोयो आ ला ब्रासा मिळणारं हॉटेल, कोळशावर किंवा लाकडावर सळईत गोल फिरत भाजलेली अख्खी कोंबडी, वरून कातडी खरपूस आणि आत रसाळ. ही डिश काही फार जुनी नाहीये, 1950 च्या सुमारास लिमाच्या बाहेर सांता क्लारा भागात रॉजर शूलर नावाच्या एका स्विस माणसाने सुरू केली, ला ग्रान्हा आसुल हे त्याचं हॉटेल, आणि एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या फिरवणारं मशीन त्याच्यासाठी फ्रान्झ उलरिच या दुसऱ्या स्विस माणसाने बनवलं. आज पेरूत गल्लोगल्ली पोयेरिया आहे आणि जुलैचा तिसरा रविवार हा चक्क या कोंबडीचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या रविवारी मात्र जाऊ नका, म्हणजे जा हवं तर, पण रांगेची तयारी ठेवून.

मागवायची पद्धत सोपी आहे, पाव, अर्धी किंवा अख्खी. पाव म्हणजे ‘उन क्वार्तो’, अर्धी म्हणजे ‘मेदियो’, अख्खी म्हणजे ‘एंतेरो’. पाव कोंबडी सांगितली की पेचो का पिएर्ना असं विचारतात, म्हणजे छातीचा भाग की तंगडी. दोन मोठे आणि दोन मुलं असतील तर चार पाव सांगण्यापेक्षा एक अख्खी सांगा, तिच्याबरोबर फ्राइजचा डोंगर आणि एक मोठं सॅलड बहुतेक ठिकाणी येतंच, आणि बऱ्याच जागी दीड लिटरची कोल्ड्रिंकची बाटली धरून फॅमिली कॉम्बो असतो तो वेगवेगळं मागवण्यापेक्षा स्वस्त पडतो. साध्या वस्तीतल्या पोयेरियात अख्ख्या कोंबडीचा असा सेट साधारण 60 ते 80 सोलला (सोल म्हणजे पेरूचं चलन) मिळतो, मिराफ्लोरेससारख्या लिमाच्या उच्चभ्रू, टुरिस्टांच्या भागात त्याहून जास्त. फ्राइज पातळ कुरकुरीत नसतात, जाडजूड असतात, आणि मुलं त्यावरच पोट भरतात हे गृहीत धरूनच कोंबडी मागवा. काही ठिकाणी आग्वादितो पण मिळतं, म्हणजे कोथिंबिरीचं हिरवंगार चिकन सूप आणि त्यात भात, थंडीच्या दिवसांत म्हणजे तिकडच्या जून ते सप्टेंबरात लिमात सूर्यच दिसत नाही तेव्हा आधी हे सांगा.

टेबलावर छोट्या वाट्यांमध्ये क्रेमास येतात, म्हणजे सॉस. पांढरं ते मेयोनेज, लाल ते केचप, आणि पिवळं किंवा फिकट हिरवं जे असतं ते आही, म्हणजे मिरचीचं. हिरव्यात बऱ्याचदा वाकाताय नावाचा एक उग्र वासाचा पाला असतो, चव पहिल्या घासाला विचित्र वाटते आणि तिसऱ्या घासाला वाटी संपलेली असते. जास्तीची वाटी मागितली तर देतात, लाजू नका.

आता सेविचे. पेरूला जाऊन सेविचे खायचं नाही असं होऊ शकत नाही पण सगळ्या घराने खायचंच असंही नाही. हा मासा शिजवलेला नसतो, लिंबाच्या रसात, लाल कांदा, मीठ आणि आही लिमो मिरचीबरोबर मुरवलेला असतो, आणि मुरवणं पण हल्ली काही मिनिटांचंच, तासन्‌तास नाही. लिंबामुळे मांस पांढरं आणि घट्ट दिसतं पण आगीवर शिजवल्यावर जंतू मरतात तसे इथे मरत नाहीत, म्हणून गरोदर बाई, अगदी लहान मुलं आणि पोट नाजूक झालेले आजीआजोबा यांना देऊ नका, त्यांच्यासाठी त्याच हॉटेलात तळलेला मासा आहे ना. बाकीच्यांनी बिनधास्त खावं, फक्त गर्दीचं हॉटेल बघून, कारण जिथे गर्दी तिथे मासा पडून राहत नाही.

आणि हे दुपारचं खाणं आहे. सेविचेरिया साधारण अकरा-बाराला उघडते आणि चार-पाचला शटर खाली. संध्याकाळी सात वाजता फॅमिलीला घेऊन सेविचेरिया शोधत फिरणारे टुरिस्ट मिराफ्लोरेसमध्ये रोज दिसतात आणि शेवटी कुठल्यातरी महाग जागी बसतात. रविवार दुपार ही तिथल्या लोकांची घरच्यांबरोबर बाहेर जेवायची वेळ, तेव्हा एकच्या आधी पोचा नाहीतर पावणेदोनला दारात उभं राहून आतल्यांच्या ताटाकडे बघत बसावं लागेल.

बसल्याबसल्या टेबलावर कांचा येते, भाजलेल्या मक्याचे खारे दाणे, त्याचे पैसे नसतात. पुष्कळ ठिकाणी चिल्कानोचा छोटा कप पण येतो, माशाचं गरम पातळ सूप. मग मागवायचं काय, तर चार जणांत एक सेविचे, एक चिचारोन दे पेस्कादो म्हणजे तळलेले माशाचे तुकडे, आणि एक आरोस कोन मारिस्कोस म्हणजे कोळंबी-शिंपल्यांचा भात. हे तिन्ही एकाच मोठ्या ताटात ‘त्रीओ’ या नावाने पण मिळतं, कार्डावर ते आहे का बघा. माणसं जास्त असतील तर हालेआ सांगा, तळलेल्या मासळीचा ढीग, खाली तळलेली युका म्हणजे कसावाचा कंद आणि वर लिंबू पिळलेला कांदा, मुलं ह्याच्यावर तुटून पडतात कारण सगळं कुरकुरीत असतं आणि हाताने खाता येतं. सेविचेच्या ताटात रताळ्याचा गोड तुकडा आणि मोठ्या टपोऱ्या दाण्यांचा उकडलेला मका असतो, ते सजावटीला नाहीये, आंबट-तिखट घासाच्या मधेमधे खायला आहे. ताटात खाली जो आंबट दुधाळ रस उरतो तो लेचे दे तीग्रे, तो चमच्याने पिऊन टाकायचा, टाकून दिलात तर वेटर मनातल्या मनात हळहळेल. 2023 मध्ये युनेस्कोने पेरूच्या सेविचेची पद्धत आपल्या वारशाच्या यादीत घेतली, त्यामुळे आता तिथले लोक त्यावर जरा जास्तच अभिमानाने बोलतात, आणि शेजारच्या देशांचं सेविचे चांगलं लागतं वगैरे टेबलावर म्हणायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला आणि मिश्र फॅमिलीला सगळ्यात सोयीचं म्हणजे चिफा. चिफा म्हणजे पेरूतलं चायनीज हॉटेल. 1849 पासून चिनी मजूर तिकडे नेले गेले, आधी ऊसाच्या शेतात आणि ग्वानो खताच्या बेटांवर राबले, नंतर शहरात आले, खानावळी काढल्या आणि आज चिफा नसलेली वस्ती सापडणार नाही, लिमाच्या जुन्या भागात काये कापोन ही तर सगळी गल्लीच त्यांची. इथे आरोस चाउफा मागवा, अंडं, पातीचा कांदा, आलं आणि सोया सॉसमध्ये परतलेला भात, एक प्लेट दोन जणांना पुरते आणि कधीकधी तिघांना. त्याच्याबरोबर तळलेले वान्तान म्हणजे वॉन्टन, ते चिंचेच्या नावाच्या गोड लाल सॉसबरोबर येतात, आणि एखादी ‘ती पा काय’ म्हणजे आंबटगोड सॉसमधलं चिकन. आएरोपुएर्तो नावाची डिश दिसली तर घाबरू नका, भात आणि नूडल्स एकत्र परतलेले असतात, मुलांचं भात की नूडल्स हे भांडण मिटतं. फक्त चाउफा सांगताना ‘दे पोयो’ म्हणजे चिकनचा असं स्पष्ट सांगा, नुसतं ‘एस्पेसियाल’ म्हटलं की त्यात डुक्कर, कोळंबी, जे असेल ते पडतं.

वीकडेला दुपारी बाहेर असाल, भटकून पाय दुखत असतील तर मेनू. हे जरा समजून घ्या, पेरूत ‘मेनू’ म्हणजे कार्ड नाही, तो दुपारचा ठरलेला सेट, कार्डाला ‘कार्ता’ म्हणतात. वेटरला ‘मेनू’ म्हणालात की तो सूप घेऊन येईल. दाराबाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, एक एंत्रादा म्हणजे सूप किंवा छोटं काहीतरी, एक सेगुंदो म्हणजे मुख्य डिश, आणि एक ग्लास सरबत. साध्या भागात 12 ते 20 सोलमध्ये एका माणसाचं पोट गच्च भरतं. दोन मुलांत एक मेनू आणि एक जास्तीची प्लेट मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. एकच आहे की जे फळ्यावर आहे तेच मिळतं, यातलं हे काढा त्यातलं ते घाला असं तिथे चालत नाही, किचनमध्ये सकाळीच मोठ्या पातेल्यात सगळं झालेलं असतं. आणि अडीचनंतर गेलात तर फळ्यावरची अर्धी नावं खोडलेली असतात.

सेगुंदोत बऱ्याचदा दिसणारी नावं ओळखून ठेवा. आही दे गायिना म्हणजे चिकनचे धागे करून पिवळ्या मिरचीच्या दाट सॉसमध्ये, सॉसला दाटपणा दुधात भिजवलेल्या पावाने येतो, बाजूला भात, बटाटा, उकडलेलं अंडं आणि काळं ऑलिव्ह. दिसायला झणझणीत, चवीला एकदम मऊ, आज्यांना आणि मुलांना दोघांना चालतं, माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी हेच खावं. लोमो साल्तादो म्हणजे बीफ, कांदा, टोमॅटो मोठ्या आचेवर परतून त्यात फ्राइज टाकलेले आणि शिवाय बाजूला भात. भात आणि बटाटा एकाच ताटात बघून डाएटवाल्यांना धक्का बसतो पण तिथे ते तसंच असतं, रोज असतं. बीफ नको असेल तर बऱ्याच ठिकाणी पोयो साल्तादो मिळतं, विचारा. आरोस कोन पोयो म्हणजे कोथिंबीर वाटून घातलेला हिरवा भात आणि वर चिकन. आणि आन्तिकूचो म्हणजे शिगेवर भाजलेलं जे काही छान खमंग दिसतं ते बैलाचं किंवा गाईचं काळीज असतं, यकृत नव्हे हृदय, तेव्हा कोणाला चालत नसेल तर वास आला म्हणून मागवू नका. कुय म्हणजे गिनी पिग, ते कुस्को-आरेकिपाकडे जास्त, बऱ्याचदा डोक्यासकट ताटात येतं, मुलांना आधी सांगून ठेवा.

शाकाहारी माणसासाठी थोडं जास्त बोलावं लागतं. ‘सिन कार्ने’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी त्यांना वाटतं बीफ नको एवढंच, आणि ताटात निवांत चिकन येतं. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा, ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो’. सुपाचं विचारायलाच हवं कारण भाज्या दिसल्या तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, आणि राजम्यासारख्या कडधान्याच्या डिशमध्ये डुकराची चरबी किंवा तुकडा असू शकतो, ताकू ताकू त्यातलंच. मग खायचं काय, तर बटाटा. पेरूत बटाट्याच्या जाती हजारोंनी आहेत आणि त्याचा ते खरंच उपयोग करतात. पापा आ ला वानकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर चीज, दूध, पिवळी मिरची आणि खारी बिस्किटं वाटून केलेला सॉस, गार देतात. कौसा म्हणजे लिंबू-मिरची घालून कुस्करलेल्या पिवळ्या बटाट्याचा थर, आत ट्यूना किंवा चिकन असतं पण अवाकाडोचा करून देता का विचारलं तर काही ठिकाणी देतात. चोक्लो कोन केसो म्हणजे उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा, यात काही लपवालपवी नाही. आरेकिपाच्या पद्धतीचं हॉटेल असेल तर सोलतेरितो, पावट्यासारखे मोठे हिरवे दाणे, चीज, मका, ऑलिव्ह यांचं सॅलड, आणि ओकोपा, शेंगदाणे-वाकातायच्या सॉसमधला बटाटा, पण ओकोपात काही घरांत सुकी कोळंबी घालतात म्हणून विचारून घ्या. चिफात भाज्यांचा चाउफा सांगता येतो, अंडं चालत नसेल तर ‘सिन ह्वेवो’. अंडं पण नाही, कांदा-लसूण पण नाही असं असेल तर साध्या हॉटेलात हाल होतील, त्या दिवशी सरळ शाकाहारी हॉटेल शोधा, लिमा-कुस्कोत ती आहेत.

तिखटाचं बऱ्याच लोकांचं उलटं होतं, आम्ही काय मिरच्या खात नाही का असं म्हणून जातात आणि जेवण सपक लागलं म्हणून परत येतात. पेरूचं बरंचसं जेवण मुळात तिखट नसतं, आही आमारियो म्हणजे ती पिवळी मिरची रंगाला आणि वासाला जास्त असते. तिखट वेगळं वाटीत येतं, ‘आही आपार्ते’ म्हटलं की हमखास वेगळं येतं आणि मग बाबांनी त्यांच्या ताटात हवं तेवढं ओतावं, मुलांचं ताट वाचतं. अपवाद रोकोतो. लाल, गुबगुबीत, अगदी सिमला मिरचीसारखं दिसतं, आत काळ्या बिया, आणि चांगलंच झोंबतं. सेविचेच्या ताटात वर त्याच्या चकत्या असतात, मुलाने टोमॅटो समजून तोंडात टाकली की पुढची वीस मिनिटं जेवण थांबलं समजा, तेव्हा ताट आल्याआल्या त्या उचलून बाबांच्या ताटात.

प्यायला नळाचं पाणी नको, बाटलीचं ‘सिन गास’ सांगा नाहीतर सोडा येईल. चिचा मोरादा जगमध्ये मागवा, जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग उकळून गार केलेलं आणि लिंबू पिळलेलं, दारूचा थेंब नाही. दारू असते ती चिचा दे होरा, ती वेगळी. इन्का कोला पिवळीधमक आहे, 1935 पासूनची, काहींना बबलगमसारखी लागते, मुलांना आवडते आणि मोठ्यांना एका ग्लासात पुरे होते. बाटली ‘एलादा’ की ‘सिन एलार’ असं विचारतात म्हणजे गार की साधी, लिमाच्या हिवाळ्यात निम्मे लोक साधीच घेतात. मोठ्यांपैकी कोणी पिस्को सावर म्हणजे पिस्को या द्राक्षाच्या दारूचं आंबट कॉकटेल घेणार असेल तर त्यावरचा पांढरा फेस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, न खाणाऱ्याने चिल्कानो दे पिस्को घ्यावा, त्यात जिंजर एल असतं, अंडं नसतं. हो, माशाचं सूप पण चिल्कानोच, म्हणून ‘दे पिस्को’ म्हणायला विसरू नका.

गोडाला हॉटेलात घाई नको. सुस्पिरो आ ला लिमेन्या, म्हणजे आटवलेल्या दुधाचं दाट क्रीम आणि वर मरँग, एवढं गोड असतं की एक कप चार चमच्यांनी खावा. पिकारोनेस मात्र जिथे समोर तळतात तिथेच खा, भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली गोल कडी, वर चानकाकाचा पाक म्हणजे गुळाचाच. लिमात संध्याकाळी गाड्यांवर मिळतात, जेवण झाल्यावर चालत जाऊन खाल्लेले बरे.

वेटर तरुण मुलगा असेल तर ‘होवेन’, बाई असेल तर ‘सेन्योरिता’ म्हणून हाक मारायची, वयाने मोठी असली तरी सेन्योरिताच, राग येत नाही. शेजारच्या टेबलावरचे उठून जाताना तुम्हाला ‘प्रोवेचो’ म्हणतील, ओळख नसली तरी, तुम्ही ‘ग्रासियास’ म्हणा आणि स्वतः उठताना तुम्हीही म्हणा. बिल आपणहून आणत नाहीत, बसा म्हटलं तर तासभर बसू देतील, ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हटल्यावर येतं. मग ‘बोलेता ओ फाक्तुरा’ असं विचारतात, कंपनीच्या नावावर खर्च टाकायचा नसेल तर बोलेता. कार्डावरच्या किमतीत कर धरलेला असायला हवा असा कायदा आहे, वेगळा लावलेला दिसला तर विचारा, काही ठिकाणी रेकार्गो आल कोन्सुमो नावाचा सर्विस चार्ज लावतात पण तो आधी कार्डावर लिहिलेला पाहिजे. तो असेल तर टीप द्यायची गरज नाही, नसेल आणि वेटरने मुलांचं सगळं हसतखेळत केलं असेल तर दहा टक्क्यांपर्यंत द्या, मेनूच्या खानावळीत एखाद-दोन सोलची नाणी ठेवली तरी चालतं. गडबड वाटली तर लिब्रो दे रेक्लामासियोनेस मागा, तक्रारवही, ती प्रत्येक हॉटेलात असणं बंधनकारक आहे आणि बऱ्याचदा नुसती मागितली तरी हिशोब सुधारतो.

पैसे द्यायला लोक फोन पुढे करून यापे या पेमेंट अ‍ॅपवरून पैसे देताना दिसतील, त्याला तिथला नंबर लागतो, तेव्हा कार्ड आणि थोडी रोकड दोन्ही ठेवा. 10 आणि 20 च्या नोटा जपून वापरा, छोट्या हॉटेलात 100 ची नोट दिली की सुट्ट्यांसाठी शेजारच्या दुकानात पोरगा पळतो. उरलेलं ‘पारा येवार’ म्हणून बांधून मागायचं, काही ठिकाणी डब्याचा एखादा सोल वेगळा लावतात, कोंबडी उरली असेल तर क्रेमासच्या दोन वाट्या पण त्यात टाकायला सांगा.